आतोबांच्या उंदरांचा श्वास

उंदरांना झोप लागावी म्हणून अख्ख्या गल्लीला गप्प बसवणारा माणूस नगर जिल्ह्यात आमच्या आतोबांशिवाय दुसरा झाला नाही, आणि पुढे कधी होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरातल्या एका मिशनच्या हायस्कुलात ते शास्त्र विषय शिकवीत. दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना मी पाथर्डीकडून मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नगरला आले आणि राहायला साहजिकच आत्याकडे गेले. पहिल्याच दुपारी मी अंगणात बादली जरा जोरात ठेवली, तशी आत्या पदर तोंडाला लावून धावत आली आणि पुटपुटली, "हळू गं बाई! तिकडं पाटील झोपलाय." मला वाटलं, गावाकडचे कोणी बडे पाहुणे आले असतील. मी डोक्यावरचा पदर नीट केला, हळूच चूल पेटवली, चहाचं आधण जरा जास्तच ठेवलं. चहा झाला तरी पाहुणे बाहेर येईनात. संध्याकाळी आतोबांनी मला परसातल्या पत्र्याच्या खोलीत नेलं आणि पाटलांची ओळख करून दिली. पाटील उंदीर होता.

हे उंदीर आतोबांकडे आले कसे, तेही सांगायला हवं. भिंगारच्या छावणीत त्या दिवसांत गोऱ्या अंमलदारांची दाटी झाली होती. त्यांतल्या एका डॉक्टरला आतोबा संध्याकाळी हिंदुस्थानी शिकवायला जात. शिकवणी किती झाली देव जाणे, कारण त्या डॉक्टरला शेवटपर्यंत "पानी लाव" यापुढे काही येत नव्हतं. मात्र त्याच्याकडे प्रयोगांसाठी पाळलेले उंदीर होते, आणि शिकवणीचा बराचसा वेळ गुरू-शिष्य दोघेही पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून काढीत. पुढे डॉक्टरची बदली समुद्रापार झाली. उंदीर मारून टाकायचे की मास्तरांना द्यायचे, असा प्रश्न त्याच्यापुढे आला आणि त्याने ते टांग्यातून आमच्या दारात पाठवून दिले. त्यांतले काही दुधासारखे पांढरे, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचे. बाकीच्यांचं अंग पांढरंच, पण डोक्यापासून खांद्यापर्यंत काळं टोपडं आणि पाठीवरून शेपटीकडे गेलेली काळी रेघ. कोणी "या दोन जाती का?" असं विचारलं की आतोबा दुखावल्यासारखे होत. "जात एकच. हे वाण आहेत. बाजरीत नाही का वाण असत? पेरा तोच, माती तीच, पाणी तेच, पण एकाचं कणीस लवकर भरतं, दुसऱ्याचं उशिरा. तसं." ते उंदरांना नावं ठेवायच्या विरुद्ध होते, शास्त्रात नावं चालत नाहीत म्हणत. त्यामुळे नावं आत्याने ठेवली. अंगावर काळी घोंगडी घेतल्यासारखा दिसणारा, कशाचीच घाई नसलेला, भाकरीचा तुकडा टाकला तरी मान वर करून आधी नीट पाहणारा जो थोराड टोपडेवाला होता, तो पाटील. आणि दिवसभर इकडून तिकडे धावणारी, नाक सतत हलतं ठेवणारी पांढरी, ती सोनी.

गल्लीने हे प्रकरण सुरुवातीला मुळीच खपवून घेतलं नाही. नगरात प्लेग पाहिलेली माणसं अजून जिवंत होती. शेजारी एक म्हातारी राहायची, तिला सगळी गल्ली मावशी म्हणे. तिने भिंतीवरून डोकं काढून आतोबांना स्पष्टच सुनावलं, "आमी पिलेगात घरं उघडी टाकून रानात ऱ्हायलो. उंदीर पडला की पोरंबाळं काखेत मारून पळायचो. अन् तुमी उंदराला बाजरी चारताय व्हय मास्तर? तेबी अशा दिसांत, मानसाला रेशन पुरंना तवा?" आतोबांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "मावशी, एकदा येऊन बघून जा. मग म्हणाल ते करीन." मावशी नाकाला पदर लावून आली. आतोबांनी तिला समजावलं की या उंदरांच्या आज्या-पणज्यांनीही कधी गटार पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या वाट्याची बाजरी रेशनमधून नव्हे, आतोबांच्या स्वतःच्या ताटातून जाते. हे खरं होतं. आतोबा रात्री अर्धीच भाकरी खात, आणि त्याचं कारण आत्याला माहीत असूनही ती रोज त्यांना पूर्ण भाकरी वाढत असे. मावशीने पाटलाकडे पाहिलं, पाटलाने मावशीकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "दिसायला सोज्वळ हाय." त्यानंतर भिंतीवरून डोकं यायचं ते शिळ्या भाकरीचा कुटका घेऊनच.

आतोबांना या उंदरांचं करायचं काय होतं, हे मला समजायला बरेच दिवस लागले. त्यांना त्यांचा श्वास मोजायचा होता. श्वास आणि जाळ. चुलीत जसा जाळ असतो तसा तो प्रत्येक देहात असतो, तो अन्न जाळतो, त्याला हवा लागते, आणि तो कुणाचा मोठा असतो, कुणाचा बारीक, असं ते सांगत. हा जाळ मोजायला त्यांनी आत्याची कैरीच्या लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली होती. तळाशी चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर उंदीर. वरून झाकण लावून मेणाने बंद. आणि झाकणातून बाहेर आलेल्या बारीक काचेच्या नळीत लाल शाईचा एक थेंब. उंदीर आतली हवा वापरी, त्याने सोडलेली खराब हवा चुना पिऊन टाकी, आणि तो लाल थेंब नळीतून हळूहळू बरणीकडे सरकत जाई. थेंब जितका सरकला तितका जाळ. त्याच वेळी आतोबा बरणीला नाक लावून उंदराच्या बरगड्यांकडे पाहत आणि प्रत्येक श्वासाला कागदावर पेन्सिलीचं एक टिंब टाकीत. उंदराचा श्वास इतका भरभर चालतो की तोंडाने मोजताच येत नाही. त्या वेळी आतोबांच्या हाताकडे पाहिलं तर वाटे, हा मनुष्य कागदावर खसखस पेरतो आहे. थेंब नळीच्या टोकाला यायच्या आत झाकण उघडायचं, हा नियम ते कधी मोडत नसत. आणि या सगळ्याची एकच अट होती: उंदीर निवांत झोपलेला हवा. तो जागा झाला, फिरू लागला, की हिशेब बिघडला. म्हणून शाळेवरून आल्यावर आतोबा पत्र्याच्या खोलीत शिरले की घरात पाटा-वरवंटा बंद, खलबत्ता बंद, कपडे धुणं बंद. समोरचा तांबट त्या वेळात ठोकठोक थांबवून तंबाखू मळीत बसे. फेरीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की पोरंच त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवीत, आणि तो बिचारा "केळी" हा शब्द कुजबुजत पुढे जाई.

या तपश्चर्येतून निघालेला निष्कर्ष आतोबांनी एका रविवारी जेवताना आम्हाला ऐकवला. पांढऱ्या वाणाचा श्वास भरभर आणि उथळ. टोपडेवाल्यांचा सावकाश आणि खोल. पण निवांत झोपेत लाल थेंब मात्र दोघांचा जवळजवळ सारखाच सरकतो. "म्हणजे काय?" मी विचारलं. आतोबा आनंदाने ताटातला भात चिवडायचे थांबले. "म्हणजे असं, की एक बाई लहान कळशी घेऊन विहिरीवर चार खेपा घालते. दुसरी हंडा घेते आणि दोनच घालते. पाणी घरात तेवढंच येतं! श्वास किती वेळा घेतला यावरून जाळ कळत नाही." पुढे ते म्हणाले की थंडीत पांढऱ्यांचा जाळ टोपडेवाल्यांपेक्षा जास्त भडकतो, आणि बरणीत चुना न ठेवता हवा जराशी कोंदट होऊ दिली तर पांढरे लगेच धापा टाकू लागतात, पण पाटील मात्र तसाच बसून राहतो. आत्याने विचारलं, "म्हंजी पाटील शहाना म्हनायचा का मठ्ठ?" आतोबा म्हणाले, "ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

एकदा माणसाला मोजायची सवय लागली की तो उंदरांवर थांबत नाही. आतोबा टांग्याच्या घोड्याचा श्वास मोजीत, बाजारात शेळ्यांचा मोजीत, वर्गात परीक्षेच्या वेळी मुलांचा मोजीत आणि कोण नक्कल करतो आहे ते त्यावरून ओळखीत. पुष्कळदा चुकीच्या मुलाला ओळखीत, हेही खरं. रविवारी चर्चमध्ये उपासनेला ते पुढच्या बाकावर बसत ते भक्तीपेक्षा उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांची छाती नीट दिसावी म्हणून, असा आत्याचा संशय होता. एकदा उपासना सुटल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना कडुनिंबाखाली गाठून सांगितलं, "साहेब, उपदेशाच्या पहिल्या दोन मुद्द्यांपर्यंत तुमचा श्वास उत्तम चालतो. तिसऱ्याला तो तोकडा पडतो. तिसरा मुद्दा सोडून दिलात तर प्रकृतीला बरं." पाळकसाहेब समजूतदार. त्यांनी तिसरा मुद्दा खरोखरच सोडला, आणि मंडळीतल्या कितीतरी जणांनी आतोबांचे गुपचूप आभार मानले. मला पाहायला जामखेडहून एक शिक्षक आले, तेव्हाही हेच. पाहुण्यांना चहा-पोहे देऊन मी खाली मान घालून बसले होते. आतोबा मुलाला शिक्षण, शेती, घरदार काहीही न विचारता त्याच्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीकडे टक लावून बसले होते, आणि त्यांचं बोट गुडघ्यावर टिंबं टाकत होतं. मुलगा बिचारा गुंडी तुटली की काय म्हणून चाचपून पाहू लागला. मंडळी गेल्यावर आतोबा म्हणाले, "हो म्हण. श्वास पोटातून घेतो, सावकाश. भांडणात हरेल, पण टिकेल." मी हो म्हटलं. ते दोन्ही बाबतींत बरोबर निघाले.

आत्याला या वाणांच्या शास्त्रात गोडी होती, पण ती तिच्या पद्धतीने. ती म्हणायची, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पन गुन लागला, आसं आमच्याकडं म्हनत्यात. तुमी सोनीला पाटलाजवळ ठिवून बघा की. जरा धिराची हुईल." आतोबांनी म्हणीला शास्त्राची कसोटी लावायची संधी सोडली नाही. मधे जाळी घालून दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. बरेच आठवडे गेले. सोनी होती तशीच धडपडी राहिली आणि पाटील होता तसाच पाटील राहिला. फरक पडला तो फक्त आत्यात. ती दुपारची कामं टाकून त्या दोघांपुढे बसू लागली आणि सोनीला म्हणू लागली, "तू अन् मी सारख्याच गं. बसवतच न्हाई."

ती हे थट्टेने म्हणायची. मीही थट्टाच समजले. पण त्या वर्षी थंडी पडू लागली तशी आत्या खरोखरच एका जागी बसेनाशी झाली. आम्ही शाली गुंडाळून बसायचो तेव्हा ती ओट्यावर पदर वाऱ्यावर सोडून उभी असायची आणि "काय उकडतंय गं" म्हणायची. खायची आमच्या दुप्पट, आणि चोळी खांद्यावरून ओघळायची. चहाची बशी तिच्या हातात किणकिण वाजायची. जी बाई आयुष्यात कुणावर ओरडली नाही, ती मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडली आणि मग स्वतःच हुंदके देत बसली. उपासनेला बायका तिच्या शेजारून जरा सरकून बसू लागल्या. कुणी उघड बोलत नव्हतं, पण शब्द सगळ्यांच्या मनात एकच होता: क्षय. क्षय म्हटलं की घर सुटलं, भांडी वेगळी, माणूस वेगळं.

मी आतोबांना म्हटलं, "आत्याला दवाखान्यात न्यायला हवं."

"का?" ते म्हणाले. "खोकला आहे? ताप आहे? रक्त पडतं?"

"नाही. पण ती वाळत चालली आहे, आतोबा."

"अगं, तेच तर!" त्यांच्या डोळ्यांत मला तो लाल थेंब सरकताना दिसल्यासारखं झालं. "थंडीत जाळ वाढतो, श्वास भरभर, अंग किडकिडीत, सतत हालचाल. हा पांढरा वाण आहे. माणसांतही वाण असतात हे मी केव्हापासून म्हणतोय. तुझी आत्या त्या वाणाची आहे. आजारी नाही ती. ती तशीच आहे."

मला राग आला, पण त्यांचं बोलणं सुसंगत होतं. आणि आत्याला तर ते फार आवडलं. आता वाटतं, तिला त्याहून मोठा आधार दुसरा नसता. बायका काय कुजबुजतात ते तिला कळत होतं. त्यापेक्षा नवऱ्याने दिलेलं पांढऱ्या उंदराचं नातं तिला कितीतरी बरं वाटत होतं. "ह्यास्नी समदं म्हाईत असतंय," ती मला म्हणाली. "सोनीवानी हाय मी. मला काय बी झालं न्हाई."

नाताळ जवळ आला. एका दुपारी आत्या स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, मी लाटत होते, आणि आतोबा पत्र्याच्या खोलीत पाटलाला बरणीत निजवून बसले होते. बोलता बोलता आत्या थांबली, झारा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "उठवत न्हाई गं मला," एवढंच म्हणाली. मी कढई उतरवून तिच्याजवळ गेले. तिच्या गळ्याशी शीर अशी उडत होती की लुगड्याचा काठ हलत होता. मी ओरडले. त्या घरात त्या वेळी कुणी ओरडल्याची ती पहिलीच खेप असावी. आतोबा सवयीने ओठांवर बोट ठेवूनच दारात आले, "हळू, हळू" म्हणत. मग त्यांना आत्या दिसली. बोट तसंच ओठांवर राहिलं.

आम्ही दोघांनी तिला ओट्यावर आणलं. तांबट धावत जाऊन टांगा घेऊन आला. आत्याला टांग्यात बसवून घोडा हलणार, तोच भिंतीपलीकडून मावशी ओरडली, "अवो मास्तर, बरनीत पाटील हाय न्हवं? गुदमरंल त्यो!" आतोबांनी वळूनही पाहिलं नाही. ज्या मावशीने उंदराला बाजरी चारता म्हणून आतोबांना सुनावलं होतं, तीच त्या वयात खुरडत आमच्या परसात शिरली आणि सांडशीने झाकणाचं मेण फोडून पाटलाला बाहेर काढती झाली. ते आम्हाला मागाहून कळलं.

मिशनच्या दवाखान्यात तेव्हा एक मराठी डॉक्टरीणबाई होत्या. कमी बोलणाऱ्या, हात मोठे आणि थंड. त्यांनी आत्याची नाडी पाहिली, छाती ऐकली, तिला पाण्याचा घोट गिळायला लावून गळा निरखला. मग पापण्या पाहिल्या, दोन्ही हात पुढे धरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरला. "क्षय नाही," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आतोबा मात्र एकदम बोलू लागले. पांढरे, टोपडेवाले, थंडी, जाळ, कळशी आणि हंडा, सगळं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर, तुम्ही म्हणता तो जाळ खराच वाढलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांचे श्वास मोजता असं ऐकलंय. आमच्या पाळकसाहेबांचाही मोजला होतात. मला सांगा, दोन वर्षांपूर्वी बाईंचा श्वास कसा चालायचा? बसलेल्या असताना?"

आतोबांनी आत्याकडे पाहिलं.

"मागच्या वर्षी?"

ते आपल्या हाताकडे पाहत होते. "हिचा कधी मोजलाच नाही," ते म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. "सोनी का कोण ती तुमची, ती जन्मापासून तशी असेल. बाई जन्मापासून अशा नाहीत. त्या तशा झाल्यात. त्यांची तुलना उंदराशी नाही करायची, त्यांच्याशीच करायची. गळ्यात एक ग्रंथी असते, ती माजली की चूल विझतच नाही. इथे मी औषधाचे थेंब देईन, पण शस्त्रक्रिया लागेल, आणि ती इथे होत नाही. लांब न्यावं लागेल. धोका आहे; नाही नेलं तर जास्त आहे."

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही तिला नेलं. शाळेला नाताळची सुट्टी होती, म्हणून मी बरोबर गेले. उंदीर मावशीच्या हवाली केले. रेल्वेच्या साऱ्या प्रवासात आतोबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांना तसं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ज्या माणसाने आम्हाला इतके दिवस गप्प बसवलं त्याचं गप्प बसणं मला सहन होईना. आत्याच मग त्यांना खिडकीतली झाडं दाखवीत राहिली.

शस्त्रक्रियेआधी तिथल्या डॉक्टरांना तिचा जाळ मोजायचा होता. एका खोलीत खाट होती. खाटेशेजारी एक गोल टाकी, तिच्यातून निघालेली जाड रबरी नळी, आणि कागदावर रेघ काढणारी एक टाकाची अणी. नर्सने सांगितलं, नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची, निवांत पडून श्वास घ्यायचा, मुळीच हलायचं नाही. ती जरा चिंतेतच होती, कारण चिमटा लावला की बाया घाबरून उठून बसतात, रडतात, पुन्हा पुन्हा करावं लागतं. आत्याने टाकीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "ह्याच्यात चुना घालत्यात का वो?" तिने विचारलं. नर्स चकित होऊन म्हणाली, "हो, घालतात. तुम्हाला कसं माहीत?" आत्या माझ्याकडे वळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "अगं, ही तर आपली बरनीच की!" आणि मग ती खाटेवर आडवी झाली, चिमटा लावून घेतला, नळी तोंडात धरली आणि इतकी निवांत पडून राहिली की नर्सलाही पाहत राहावंसं वाटलं. कागदावर रेघ चढत-उतरत, तिरपी तिरपी होत निघाली. माणसाचा जाळ कागदावर उमटताना पाहायला आतोबांनी आयुष्यातलं काहीही दिलं असतं. ते खोलीतच होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते, आणि रेघ थांबेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

काही दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. कापरं गेलं, घाम गेला, अंगावर मांस येऊ लागलं. एकच गोष्ट गेली ती गेली. आत्याचा आवाज आमच्या मंडळीत नावाजलेला होता. तिने गीत उचललं की पेटीवाला नुसती साथ करायचा. शस्त्रक्रियेत गळ्यातली कसलीशी नस दुखावली. बोलता येई, पण आवाज जाड आणि फुटका, आणि वर तर चढतच नसे. डॉक्टर म्हणाले, सुधारेल कदाचित. तो सुधारला नाही. आत्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. "जीव ऱ्हायला," म्हणायची. "गळ्याचं काय."

नगरला परतल्यावर आतोबांनी बरणी घासून आत्याला परत दिली. तिने उन्हाळ्यात तीत कैरीचं लोणचं घातलं. ते आतोबांशिवाय कुणी खाल्लं नाही. उंदीर त्यांनी टाकले नाहीत. बाजरी, पाणी, पिंजऱ्याची सफाई, सगळं वेळच्या वेळी करीत. पण मोजणं थांबलं. उंदरांचं आयुष्य ते किती! सोनी आधी गेली, मग एकेक करून बाकीचे, आणि शेवटी म्हातारा पाटील. त्याला मावशीने आपल्या हाताने भिंतीपलीकडच्या सीताफळाखाली पुरलं. दुपारी गल्लीत ठोकठोक ऐकू येऊ लागली, केळीवाला मोकळ्या गळ्याने ओरडू लागला. कुणालाच ते विशेष आवडलं नाही.

परतल्यानंतरचा पहिला ईस्टर मला आठवतो. चर्च गच्च भरलं होतं. आत्या नव्या लुगड्यात, गळ्यावरचा व्रण पदराने झाकून, माझ्या आणि आतोबांच्या मधे उभी होती. दरवर्षी त्या दिवशी पहिलं गीत तीच उचलायची. पेटी सुरू झाली आणि सवयीने साऱ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. आत्याने तोंड उघडलं. पहिला स्वर निघाला तो वाळलेल्या पाचोळ्यासारखा. ती थांबली आणि खाली पाहू लागली. मी उचलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याच्या पलीकडून एक अतिशय मोठा आणि अतिशय बेसूर आवाज उठला. आतोबा गात होते. मी त्यांना त्याआधी कधीही गाताना ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. त्यांना चाल येत नव्हती, शब्दही अर्धेच येत होते, पण छाती भरून, मान वर करून ते असे गात होते की पेटीवाल्याला सूर सोडून त्यांच्या मागे जावं लागलं. पोरं खिदळली. पाळकसाहेबांनी पुस्तकात तोंड लपवलं. त्या गदारोळात आत्याचा फुटका आवाज कुणालाच ऐकू येईना, आणि हे लक्षात आल्यावर ती हळूहळू गाऊ लागली. दुसऱ्या कडव्याला तिने त्यांना कोपराने ढोसलं. "अवो, पुरं," ती म्हणाली. "दम लागंल."

"लागू दे," आतोबा म्हणाले आणि तिसरं कडवं उचललं.

त्यानंतर वर्षानुवर्षं ते दर रविवारी तसेच गात राहिले. मंडळीला त्याची सवय झाली. मी लग्न होऊन जामखेडला गेले. ती दोघंही आता नाहीत. आतोबा आधी गेले. आमच्या इथे गाणारी मंडळी फार सुरेल आहे, पेटी चांगली, तरुणांचे गळे चांगले. पण ईस्टरला ते गीत लागलं की मी पहिली ओळ कधीच म्हणत नाही. माझ्या शेजारून कुणीतरी ती चुकीच्या पट्टीत उचलेल, म्हणून थोडी थांबते.